वीज पडली झाडावर, राउटर जळला माझा

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं फक्त वाचत आलोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात रात्री आमच्या घरापासून पन्नासेक पावलांवरच्या झाडावर वीज पडली. लखलखाट आणि आवाज एकदमच, मध्ये श्वास घ्यायलाही सवड नाही. सकाळी पाहिलं तर झाडाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पट्टीसारखी सोलून निघाली होती. हात-हातभर लांबीचे तुकडे कुठच्या कुठे उडाले होते. घराला मात्र साधा ओरखडाही नाही. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकून चहाची तयारी केली आणि मग एकेक कळायला लागलं. राउटर ठार. टीव्ही सुरू होतो, पण एक एचडीएमआय गेली. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर नुसता गुणगुणतो. राउटर खोलून पाहिला, तर जिथे केबल खोचतो तिथल्या दोन पिना वितळून एकमेकींना चिकटलेल्या, भोवती काजळी आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. आणि गंमत म्हणजे डीबीतला, म्हणजे खटक्यांच्या पेटीतला, एकही एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पडलेला नाही. सगळे खटके शहाण्यासारखे वर.

घर दोन मजली, उंचवट्यावर, एकटं. आसपास आमच्यापेक्षा उंच तेवढं ते झाडच. वायरमन म्हणतो छपरावर वीजरोधक रॉड लावा, बाकी काही नको. शेजारी म्हणतात रॉड अजिबात लावू नका, तो वीज ओढून घेतो, विकतचं दुखणं. आणि एक विक्रेता येऊन गेला, त्याच्याकडे गोळ्यासारखं एक यंत्र आहे, शंभर मीटरच्या परिघात म्हणे वीज फिरकतच नाही. कुणाचं ऐकू?

खवचट

चौथा सल्ला: वरचा मजला काढून टाका. झाड पुन्हा उंच ठरेल. (ह. घ्या.)

जुनाजाणता

एवढं काय त्यात? आमच्या घरावर रॉडही नाही आणि यंत्रही नाही. ढग गडगडायला लागले की सगळे प्लग काढायचे, टीव्हीची केबल काढायची आणि स्वस्थ बसायचं. चाळीस वर्षांत एक बल्ब गेला नाही.

निशाचर

जुनाजाणता, आणि रात्री अडीच वाजता झोपेत असाल तर? किंवा गावाला गेला असाल तर? माळरान यांच्याकडे रात्रीच पडली आहे. फ्रीज आणि मोटरचे प्लग कोण काढतंय रोज?

जुनाजाणता

निशाचर, आम्ही रात्री झोपतो. तुमच्या आयडीवरून तुमचं काही खरं दिसत नाही. पण मुद्दा मान्य, मोटरचा प्लग नसतोच, तिथे मेन स्विच पाडावा लागतो.

तारतम्य

माळरान, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळलेत आणि तिघा सल्लागारांनीही तेच केलंय. पहिला प्रश्न: वीज थेट घरावर पडली तर भिंती, छप्पर आणि माणसं कशी वाचतील? दुसरा: वीज जवळपास पडली तर तारांमधून जो झटका आत येतो, त्यातून वस्तू कशा वाचतील? रॉड हे पहिल्याचं उत्तर आहे. तुमचं नुकसान दुसऱ्या प्रकारातलं आहे. तेव्हा फक्त रॉड लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

एमसीबी का पडला नाही, तर तो त्याच्यासाठी बनलेलाच नाही. त्याचं आतलं यंत्र हलायला काही मिलिसेकंद लागतात. विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठून उतरणीला लागलेला असतो. पहारेकरी चप्पल शोधतोय तोवर चोर पुढच्या गल्लीत. स्टॅबिलायझर आणि साध्या यूपीएसचीही हीच कथा.

उत्तर देण्याआधी एक विचारतो. राउटरची नेमकी कुठली खाच जळली? इंटरनेट आत येतं ती की दुसरी? आणि त्या खाचेतली केबल कुठे जाते?

शंकासूर

वाचतोय. बाकी ते गोळ्यासारखं यंत्र काय प्रकरण आहे ते कळलं तर बरं, आमच्याकडेही एक जण पत्रक देऊन गेलाय.

माळरान

तारतम्य, आत्ता जाऊन पाहिलं. इंटरनेट फायबरवरून येतं, ती बाजू साफ आहे. जळली ती शेवटची, चौथी खाच. तिच्यातली केबल फाटकावरच्या कॅमेऱ्याला जाते. साधारण चाळीस मीटर, कुंपणाच्या कडेने जमिनीत पुरलेली.

थांबा. ते झाड फाटकाच्याच बाजूला आहे.

माळरान

कॅमेराही गेलाय. आठवडाभर कुणी बघितलंच नव्हतं.

खवचट

सीआयडीचं काम झालं, दार तोडायचं राहिलं.

तारतम्य

अंदाज तोच होता. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. तुमची चाळीस मीटरची तांब्याची केबल मात्र झाडाच्या बुडाशी एक टोक आणि घरात दुसरं टोक घेऊन बसली होती.

झाडावर वीज पडली तेव्हा काय झालं ते बघा. विजेच्या पहिल्या झोताचा प्रवाह साधारण ३० किलोअँपिअर धरतात, मोठी असेल तर २०० किलोअँपिअरपर्यंतही जाते. एवढा प्रवाह जमिनीत शिरला की बुंध्याजवळच्या जमिनीचं व्होल्टेज क्षणभर प्रचंड वाढतं आणि लांब जाऊ तसं उतरत जातं. झाडाखाली उभी असलेली गुरं एकदम दगावतात ती बहुतेकदा याच कारणाने. पुढचे पाय एका व्होल्टेजवर, मागचे दुसऱ्या, आणि मध्ये छाती. तुमच्या घरात गुरांच्या जागी राउटर होता. एक पाय फाटकाशी, दुसरा पाय भिंतीतल्या प्लगमध्ये.

शिवाय केबल आणि घरातली वायरिंग मिळून एक मोठा फास तयार होतो. जवळून वीज गेली की त्या फासात आपोआप व्होल्टेज उपजतं, तारेला वीज शिवायचीही गरज नसते. टीव्हीची एचडीएमआय याच वाटेने गेली असणार. टीव्हीला डिश किंवा सेट टॉप बॉक्स जोडलेला आहे का?

माळरान

आहे. डिश गच्चीवर, केबल खिडकीच्या फटीतून आत.

तारतम्य

मग झालं.

गच्चीवरची

मला रॉडबद्दल सांगायचंय, कारण आमच्या जुन्या घरावर होता आणि त्यावर वीज पडलीसुद्धा. घराला काही झालं नाही, म्हणजे रॉडने काम केलं. पण एक गोष्ट विसरता येत नाही. रॉडची तांब्याची पट्टी बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरत होती आणि वाटेत जिन्याच्या खिडकीच्या लोखंडी गजांपासून वीतभर अंतरावरून जात होती. वीज पडली त्या रात्री पट्टी आणि गज यांच्यामधला गिलावा तळहाताएवढा उडाला. आतली वीट दिसत होती. गजाच्या टोकावर वाटाण्याएवढा निळसर डाग. जिन्यात तेव्हा कुणी नव्हतं म्हणून ठीक. वायरमनला विचारलं तर म्हणाला, "ताई, पट्टी होती ना? मग तिकडे कशाला गेली?" तेच तर मी त्याला विचारत होते!

दोनतारा

गच्चीवरची ताई, तुमच्याकडे रॉडचं अर्थिंग आणि घराचं अर्थिंग एकच केलेलं असणार. ती घोडचूक आहे. रॉडचा खड्डा वेगळा, घराचा वेगळा, दोन्हींत निदान दहा फूट अंतर. एकत्र केलं तर रॉडवरची वीज अर्थच्या तारेतून थेट घरात शिरणार. साधी अक्कल आहे.

गच्चीवरची

दोनतारा, वेगवेगळेच होते. रॉडचा खड्डा घराच्या मागे, मीटरचा पुढे.

तारतम्य

दोनतारा, रागावू नका, पण ही साधी अक्कलच लोकांना गोत्यात आणते. मीही नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असंच सांगायचो.

गणित करू. रॉडच्या खड्ड्याचा रोध १० ओहम धरा, हा चांगला खड्डा समजला जातो. त्यात ३० किलोअँपिअर गेले, तर खड्ड्याचं व्होल्टेज क्षणभर ३ लाख व्होल्ट. घराचा खड्डा वेगळा, तो शून्याच्या आसपास. म्हणजे एका घरात दोन धातू, एक ३ लाखांवर, एक शून्यावर, आणि मध्ये वीतभर वीट. ठिणगी उडणारच. ताईंच्या गिलाव्याने तेच दाखवलं.

आता दोन्ही खड्डे जाड पट्टीने जोडा. सगळंच ३ लाखांवर जातं: पट्टी, गज, नळ, फ्रीजचं अंग, फरशीखालची जमीन. फरक उरत नाही, म्हणून ठिणगी उडत नाही. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही ते याचमुळे. आंतरराष्ट्रीय मानकही, आयईसी ६२३०५, सगळे अर्थ आणि घरात शिरणारे सगळे धातू एकमेकांना जोडायलाच सांगतं. जिवंत तारा थेट जोडता येत नाहीत, त्या सर्ज प्रोटेक्टरमधून (झटका आला की तो अर्थकडे वळवणाऱ्या उपकरणातून) जोडायच्या. जिथे जोडणं शक्यच नाही तिथे पुरेसं अंतर ठेवायचं.

आणि वायरमनच्या "तिकडे कशाला गेली" या प्रश्नाचं उत्तर: पट्टी सरळ असली तरी तिला इंडक्टन्स (प्रवाहाच्या झटपट बदलाला होणारा विरोध) असतो, मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री. रोजच्या विजेला तो जाणवतही नाही. पण विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १० किलोअँपिअरने चढला, तर पट्टीच्या दर मीटरवर १० हजार व्होल्टचा फरक पडतो. दोन मजल्यांच्या उंचीला तो ६०-७० हजार झाला. म्हणून पट्टीला काटकोनी वळणं किंवा वेटोळी देऊ नयेत, आणि एकच पट्टी न लावता किमान दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून उतरवाव्यात. प्रवाह वाटला की व्होल्टेजही घटतं.

दोनतारा

हे सगळं कागदावर ठीक. मी तीस घरं केली आहेत, वेगळे खड्डे ठेवून. एकाचीही तक्रार नाही.

निशाचर

त्या तीसपैकी किती घरांवर वीज पडली?

दोनतारा

...एकावरही नाही बहुतेक.

खवचट

शंभर टक्के यश!

इतिहासाचे_पान

अवांतर, पण माळरान यांच्या शेजाऱ्यांवरून आठवलं. "रॉड लावू नका, वीज ओढून घ्याल" हे भांडण अडीचशे वर्षांचं आहे.

बेंजामिन फ्रँकलिनने १७५० च्या सुमारास टोकदार सळईची कल्पना मांडली. पतंगाचा प्रयोग १७५२ चा. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ घरात आणलेल्या, पण जमिनीला न जोडलेल्या सळईजवळ उभा राहून मोजमाप घेत असताना विजेने मेला. म्हणजे जमिनीला न जोडलेली सळई हे काय प्रकरण आहे ते सुरुवातीलाच कळलं होतं.

फ्रान्समध्ये सेंत-ओमेर नावाच्या गावात व्हिसेरी नावाच्या गृहस्थाने १७८० मध्ये घरावर वीजरोधक लावला. शेजारी घाबरले, अर्ज केले, आणि गावच्या अधिकाऱ्यांनी तो काढायचा हुकूम दिला. गृहस्थ हट्टी, प्रकरण वरच्या कोर्टात नेलं. तिथे १७८३ मध्ये त्याच्या बाजूने बोलायला एक पंचविशीतला वकील उभा राहिला आणि खटला जिंकला. वकिलाचं नाव मॅक्झिमिलियाँ रोबेस्पिएर. होय, तोच, पुढे क्रांतीत लोकांची डोकी उडवणारा.

खवचट

म्हणजे शेजाऱ्यांना सांगायचं, जपून राहा, आमचा वकील फार तापट आहे.

शंकासूर

रोचक! ते टोकदार की बोथट असंही काहीतरी भांडण होतं ना?

इतिहासाचे_पान

होतं तर. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज बोथट गोळ्याच्या बाजूचा, कारण टोकदार म्हणजे फ्रँकलिन आणि फ्रँकलिन म्हणजे बंडखोर अमेरिका. राजाने राजवाड्यावरच्या सळया बदलून घेतल्या. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या शेवटी न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर चार्ल्स मूर यांनी टोकदार आणि बोथट सळया शेजारी शेजारी उभ्या करून सात वर्षं वाट पाहिली. विजा पडल्या त्या बोथट सळयांवर, टोकदारवर एकही नाही. राजाचं कारण चुकीचं होतं आणि उत्तर बरोबर आलं. फरक तसा थोडाच आहे, कुठलीही धड जोडलेली सळई चालते.

तारतम्य

सुंदर प्रतिसाद. आता "ओढून घेतो" याबद्दल. आकाशातून येणारी विजेची वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरते, एकेक टप्पा पन्नासेक मीटरचा. खाली काय आहे याची तिला शेवटपर्यंत गंधवार्ता नसते. शेवटच्या टप्प्यात, ३० किलोअँपिअरच्या विजेसाठी साधारण ९० मीटरवर, जमिनीवरच्या वस्तूंमधून तिच्या दिशेने ठिणग्या वर निघतात. जी आधी पोचते तिथे वीज पडते. रॉड फक्त एवढंच करतो की घरातून निघायची ठिणगी कौलाच्या कोपऱ्यातून किंवा अँटेनातून न निघता त्याच्यातून निघते. जी वीज तशीही तुमच्या घरावर येणार होती तिला तो धरतो. दुसऱ्या डोंगरावरची बोलावून आणत नाही.

लहान वीज मात्र जास्त जवळ येऊन ठरवते. ३ किलोअँपिअरची वीज वीसेक मीटरपर्यंत येते, म्हणून ती रॉडच्या बाजूने घुसून भिंतीला लागू शकते. संरक्षण मोजायला एक काल्पनिक चेंडू घरावरून लोळवतात. कडक संरक्षणासाठी चेंडूची त्रिज्या २० मीटर, सर्वात सैल संरक्षणासाठी ६०. चेंडू जिथे घराला टेकेल तिथे वीज टेकू शकते. त्याने फक्त सळयांना आणि पट्ट्यांना टेकायला हवं. मुलांचा चेंडू आणि घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन करून बघा, छान कळतं.

शंकासूर, यातच तुमच्या गोळ्याचं उत्तर आहे. ते यंत्र म्हणतं की मी माझी ठिणगी इतरांच्या आधी काढतो, म्हणून माझा परीघ मोठा. फ्रान्समध्ये त्यासाठी वेगळं मानक आहे. पण अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेपुढे तसा मसुदा आला तेव्हा पुराव्याअभावी तो स्वीकारला गेला नाही, आणि बऱ्याच संशोधकांच्या मते नैसर्गिक विजेपुढे हे यंत्र साध्या सळईपेक्षा वेगळं वागत नाही. एके काळी याच जातीत टोकाला किरणोत्सारी पदार्थ लावलेले रॉडही विकले गेले, पुढे अनेक देशांनी ते बंद केले. जुन्या इमारतीवर तसा दिसला तर स्वतः हात लावू नका. माळरान यांचा विक्रेता "वीज फिरकतच नाही" म्हणाला असेल, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

शंकासूर

पत्रकाची होडी करून धाकटीला दिली.

कोपऱ्यातला

एक बाळबोध शंका. एका जागी दोनदा वीज पडत नाही म्हणतात. मग माळरान यांचं झाड आता वापरून झालं ना?

निशाचर

एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला वीसपंचवीस वेळा पडते. ती बिचारी कधीच वापरून होत नाही. आणि रॉय सुलिव्हन नावाच्या अमेरिकन वनरक्षकावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा पडली, सातही वेळा वाचला.

खवचट

त्याच्याबरोबर सहलीला जाणारे किती उरले होते?

कोपऱ्यातला

आणखी एक. एवढी वीज बॅटरीत साठवता येईल का? घराचं बिल तरी सुटेल.

तारतम्य

एका विजेत ढोबळमानाने १ अब्ज ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे साधारण २८० युनिट. त्यातली बहुतेक वाटेतली हवा ३० हजार अंश तापवण्यात आणि तिला कडाडायला लावण्यात जाते. जमिनीला हाती लागतं ते किरकोळ. एवढ्यासाठी कुठे वीज पडते याची वाट बघत बसण्यापेक्षा पॅनेल बरं.

गच्चीवरची

पॅनेलवरून आठवलं. नव्या घरावर सौर पॅनेल आहेत. त्यांच्या चौकटी अर्थ करायलाच हव्यात, हे बसवणाऱ्याने केलं होतं. पण डीसीच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर बसवला नव्हता, मी भांडून बसवून घेतला. अधिक आणि उणे तारा पॅनेलखाली लांब लांब फिरवल्या होत्या, त्याही शेजारी शेजारी बांधून घेतल्या. तारतम्य काका म्हणतात तो फास लहान होतो.

नाडीपरीक्षा

सगळे घराबद्दल बोलताहेत, दोन शब्द माणसांबद्दल. विजेचा झटका बसलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. हृदय किंवा श्वास थांबला असेल तर तिथल्या तिथे छातीवर दाब देणं सुरू करा आणि मदत बोलवा. वीज पडली म्हणजे माणूस संपलाच असं समजून लोक लांब उभे राहतात आणि हातातली मिनिटं घालवतात. काही जणांवर एकदम पडली असेल तर जो निपचित आहे त्याच्याकडे आधी जा. कण्हणारा जगण्याची शक्यता जास्त.

घरात असाल तर नळ, शॉवर आणि वायरवाला फोन यांपासून लांब. मोबाइल वीज ओढत नाही, चार्जरला लावलेला असेल तर मात्र तो तारेला बांधलेलाच आहे. आणि पत्र्याची शेड किंवा ओसरी म्हणजे घर नव्हे.

लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आत या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच थांबा. आकाश निवळलं म्हणून लगेच बाहेर पडतात, तेच चुकतं.

जुनाजाणता

हे छापून भिंतीवर लावतो. प्लग काढण्याची वेळही त्या ३० सेकंदांच्या आधीच आली पाहिजे. कडकडाट डोक्यावर असताना सॉकेटला हात लावणं म्हणजे शहाणपणा नव्हे, हे मीही आता कबूल करतो.

शंकासूर

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? माळरान यांनी नेमकं काय करायचं?

तारतम्य

क्रमाने सांगतो, पण काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच.

सर्वात आधी अर्थिंगचा खड्डा उघडा आणि बघा. त्याचा रोध मीटर लावून मोजून घ्या. खड्डा कोळसा-मिठाचा असो की बेंटोनाइटचा, जोड गंजलेला असेल तर सगळं व्यर्थ.

मग डीबीत टाइप २ सर्ज प्रोटेक्टर. रॉड लावलात, किंवा घराचा वीजपुरवठा उघड्या तारांवरून होत असेल, तर मीटरजवळ टाइप १ (थेट पडलेल्या विजेचा मोठा झटका पेलणारा) सुद्धा, किंवा दोन्ही एकत्र असलेला. यात लोक एक गंमत करतात, प्रोटेक्टर चांगला आणतात आणि त्याच्या तारा छान सजवून, वळणं देऊन मीटरभर लांब नेतात. येणारी आणि अर्थची तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. झटक्यात त्या जास्तीच्या दर मीटरमागे साधारण हजार व्होल्ट तुमच्या टीव्हीच्या वाट्याला येतात. प्रोटेक्टरला छोटी खिडकी असते, हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की बदला. तो स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतो आणि मेल्याचं कुणी बघत नाही.

डिशचा खांब आणि तिच्या केबलचं धातूचं आवरण घराच्या अर्थला जोडा, केबलला तिचा स्वतंत्र प्रोटेक्टर लावा. फाटकाचा कॅमेरा फायबरवर घ्या.

रॉड त्यानंतर. एकटं, उंचवट्यावरचं, दोन मजली घर, म्हणजे लावावा असंच मी म्हणेन. जोखमीचा हिशोब करायला आयईसी ६२३०५ याच मानकाचा दुसरा भाग आहे, जाणकाराकडून करून घ्या. पट्टी तांब्याची असेल तर किमान ५० चौरस मिलिमीटर, दोन उतरत्या वाटा, आणि खड्डे घराच्या अर्थला जोडलेले.

कोपऱ्यातला

एवढं सगळं करण्याऐवजी राउटरशेजारी जमिनीत एक सळई ठोकून त्यालाच वेगळं अर्थ दिलं तर?

दोनतारा

कोपऱ्यातला, नका करू. पुन्हा दोन खड्डे, पुन्हा ३ लाख आणि शून्य. (होय, मीच बोलतोय. दोन दिवस पाखराचा विचार करत होतो.)

तारतम्य

दोनतारा, __/\__

माळरान

उशिरा येतोय, क्षमस्व. तीन आठवडे कामातच गेले.

खड्डा उघडला. झाकण काढल्यावर वरून सगळं ठीक दिसत होतं. इलेक्ट्रिशियनने पट्टीवरचा नट बोटाने फिरवून पाहिला आणि तो बिस्किटासारखा चुरून त्याच्या तळहातावर पडला. पट्टी नळीला टेकलेली होती फक्त, धरून काहीच नव्हतं. तांब्याची पट्टी आणि लोखंडी नट, मध्ये पाणी. म्हणाला दोन धातू एकमेकांना खातात, इथे खास जोड लागतो. किती वर्षं आम्ही अर्थशिवाय राहत होतो कोण जाणे. मोजलं तर आकडा तीन अंकी. नवा खड्डा केल्यावर ६ ओहम आला.

डीबीत प्रोटेक्टर बसला. त्याने आधी तारा डीबीच्या कडेकडेने अगदी देखण्या फिरवल्या होत्या. मी मोजपट्टी घेऊन उभा राहिलो, तेव्हा कुरकुरत पुन्हा केल्या. डिशचा खांबही जोडून झाला. रॉडचं काम पुढच्या आठवड्यात, दोन पट्ट्या, जिन्याच्या खिडकीपासून लांबून. शेजारी येऊन बघून गेले. पंधरा दिवसांपूर्वी "ओढून घ्याल" म्हणत होते, काल विचारत होते की तुमच्या रॉडमध्ये आमचंही घर बसेल ना.

तारतम्य

किती अंतर?

माळरान

साठेक पावलं.

तारतम्य

नाही बसत. त्यांना चेंडू लोळवून दाखवा.

खवचट

नाहीतर वकील पाठवा.

माळरान

:) कॅमेरा फायबरवर घेतला, चालतोय. जुनी तांब्याची केबल तशीच जमिनीत आहे, दोन्ही टोकं मोकळी. एक टोक अजून राउटरच्या मागे भिंतीतून बाहेर आलेलं आहे, त्यावर टेप गुंडाळून ठेवलाय. राहू दे ना?

तारतम्य

नको. टेप झटक्यापुढे कागद आहे. काही जोडलेलं नसलं तरी ती फाटकापासून घरापर्यंतची वाटच आहे. घरातलं टोक तरी पूर्ण बाहेर ओढून भिंतीपासून लांब कापा.

माळरान

उद्या उपसतो.